पंधरा वॅटचा संसार: हातातल्या गेमच्या डब्यात असतं तरी काय?

म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेला खाज्यांची दुकानं संपली की खेळण्यांची सुरू होतात. तिथे हल्ली एक डबा हमखास दिसतो. तळहाताएवढा, लालभडक, खोक्यावर ‘४०० गेम’ असं ठळक अक्षरात. दुकानदार पाचशे सांगतो, चारशेला देतो. यंदा माझ्या दहा वर्षांच्या भाच्याने तो घ्यायला लावलाच. त्याच आठवड्यात माझा आतेभाऊ बोटीवरून सुटीवर आला. आमच्याकडे बोटीवरचा माणूस घरी आला की बॅग उघडायचा एक सोहळा असतो. या वेळी चॉकलेटांच्या खालून निघाला स्टीम डेक. व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ साली काढलेला, दोन्ही हातांत धरायचा, चांगला पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा कन्सोल. कंपनी तो भारतात स्वतः विकत नाही, त्यामुळे तो असाच कुणाच्या तरी बॅगेतून येतो.

दोन्ही डबे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि भाच्याचा प्रश्न आला. “मामा, याला पण स्क्रीन आहे, त्याला पण. याला पण बटणं, त्याला पण. मग हा चारशेचा आणि तो पन्नास हजारांचा का?”

“तो कंपनीचा आहे म्हणून,” असं मी सांगून पाहिलं. ते त्याला पटलं नाही. खरं तर मलाही पटलं नव्हतं. त्यात मेमरी महागली, आता कन्सोलही महागणार, अशा बातम्या रोज कानावर येताहेत, आणि मेमरी म्हणजे नक्की काय महागलं हे विचारलं तर निम्मे लोक गप्प बसतात. शेवटी स्क्रू-ड्रायव्हर काढला.

आधी चारशेवाला उघडू

कन्सोल म्हणजे फक्त गेम खेळण्यासाठी बनवलेला संगणक. हातातल्या कन्सोलमध्ये स्क्रीन, बटणं, बॅटरी, आवाज सगळं एकाच डब्यात कोंबलेलं असतं. बाकी व्याख्या नको.

मागचं झाकण सरकवलं आणि मला हसूच आलं. आत बीएल-५सी बॅटरी! जुन्या बटणवाल्या नोकियात असायची तीच चपटी, ३.७ व्होल्टची. मग स्क्रू काढले. आत एक हिरवी पाटी, तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा. बटणांखाली रबराची एक चादर आणि प्रत्येक बटणाच्या पोटाला कार्बनची काळी टिकली. बटण दाबलं की ती टिकली पाटीवरच्या दोन उघड्या वाटांवर टेकते आणि वीज पलीकडे जाते. टीव्हीचा रिमोट उघडलात तर हेच दिसेल. चारी दिशांना दाबता येणारं अधिकच्या चिन्हासारखं बटण मात्र साधं समजू नका. जपानच्या निन्टेन्डो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी ते १९८२ साली एका छोट्या हातातल्या गेमसाठी बसवलं, आणि तेव्हापासून ते कुणालाही टाळता आलेलं नाही.

“मेंदू कुठे आहे?” भाच्याने विचारलं. पाटीच्या मधोमध डांबराचा थेंब सांडावा तसा एक काळा गोळा होता. त्यावर नाव नाही, नंबर नाही. स्वस्त कॅल्क्युलेटरमध्येही असाच थेंब असतो. एरवी चिपला प्लास्टिकचं घर आणि धातूचे पाय देतात. इथे तो खर्च वाचवलेला असतो. उघडी चिप थेट पाटीवर चिकटवायची, केसाहून बारीक तारांनी जोडायची आणि वर राळेचा थेंब सोडायचा.

त्या थेंबाखाली असते ती १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलची नक्कल. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे, कॅसेट फुंकून आत घालायचे ते ‘व्हिडिओ गेम’ आठवतात? त्यांतलेही बरेच याच घराण्यातले. मूळ यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला साधारण १८ लाख ठोके मारायचा आणि त्याची कामाची मेमरी होती फक्त २ किलोबाइट. त्या काळी जगभर गाजलेला एक अख्खा गेम ४० किलोबाइटांत मावत होता. मावशी रोज सकाळी पाठवते तो गुलाबाचा ‘शुभ सकाळ’ फोटोसुद्धा बहुधा त्याहून मोठा असतो. म्हणून तर एका थेंबात चारशे गेम मावतात. अर्थात त्यातले बरेचसे नाव बदलून पुन्हा तेच. भाच्याने मोजायला घेतले आहेत.

हे एवढं स्वस्त का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. त्या यंत्राच्या रचनेवरची पेटंटं केव्हाच संपली, त्यामुळे नक्कल कुणीही बनवावी. गेमचे हक्क मात्र संपलेले नाहीत. म्हणजे डबा वैध, आतला माल बहुतेक चोरीचा.

चार आचारी आणि पाचशे बारा आदोळ्या

आता स्टीम डेक. मागचे आठ स्क्रू काढले की आतली दुनिया दिसते. पंखा, तांब्याची नळी, मोठी काळी बॅटरी, आणि धातूच्या पत्र्याखाली झाकलेली मुख्य चिप. ती अंगठ्याच्या नखाहून फार मोठी नाही. एएमडी कंपनीच्या या एकाच चिपमध्ये दोन वेगळ्या स्वभावाची माणसं राहतात.

देवळातल्या महाप्रसादाचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. मुख्य आचारी चार. डाळ कधी उतरवायची, मीठ किती, पंगत बसली का, हे सगळे निर्णय त्यांचे. काम गुंतागुंतीचं, पण माणसं मोजकी. हा झाला सीपीयू. गेममध्ये शत्रू कुठे पळेल, चेंडू भिंतीला लागून कुठे जाईल, हे तो ठरवतो. स्टीम डेकमध्ये असे आचारी चारच आहेत.

आणि पडवीत रांगेने बसलेल्या नारळ खवणाऱ्या बायका. प्रत्येकीपुढे आदोळी, म्हणजे खवणीची विळी, प्रत्येकीच्या हातात अर्धी वाटी, काम सगळ्यांचं तेच. त्यात निर्णय काहीच नाही, पण शंभर नारळ चहा व्हायच्या आत संपतात. हा जीपीयू. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग काढणं हे असंच काम असतं: सोपं, पण डोंगराएवढं. डेकच्या स्क्रीनवर आडवे १२८० आणि उभे ८०० ठिपके आहेत. म्हणजे दहा लाखांच्या वर, आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे. त्यासाठी या चिपमध्ये ५१२ आदोळ्या मांडलेल्या आहेत.

कामाची मेमरी, म्हणजे रॅम, हा या स्वयंपाकघराचा ओटा. हाताशी लागणारं सगळं तिथे. साठवणीची मेमरी हे मागचं कोठार. घरच्या मोठ्या गेमिंग संगणकात आचाऱ्यांचा ओटा वेगळा आणि खवणाऱ्यांचा वेगळा असतो. हातातल्या कन्सोलमध्ये जागा नाही, म्हणून दोघांना मिळून एकच ओटा, डेकमध्ये १६ गिगाबाइटचा. हा ओटा पाटीला कायमचा झाळलेला असतो, नंतर वाढवता येत नाही. कोठार मात्र बदलता येतं. घेताना पैसे कमी पडत असतील तर कमी साठवणीचा घ्या, ते पुढे वाढवता येईल.

(कोठारावरून आठवलं. निन्टेन्डो स्विच या हातातल्या कन्सोलच्या गेमच्या पट्ट्या नखाएवढ्या असतात आणि त्यांना मुद्दाम एक जहाल कडू रसायन लावलेलं असतं, लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून. जिभेला लावून पाहणारे मोठेच जास्त निघाले, मीही त्यातलाच.)

खरा हिशोब वॅटचा

इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटेल की महाग म्हणजे जास्त ताकदीची चिप, विषय संपला. तसं नाही. ताकदीच्या चिपा बाजारात ढीगभर आहेत. घरच्या टीव्हीला जोडायचा प्लेस्टेशन ५ मोठा गेम चालवताना दोनशे वॅटच्या घरात वीज खातो. त्याला भिंतीतली पिन आहे, त्याचं काय जातंय! हातातल्या डब्याला मिळते ती बॅटरीतली वीज. तिचा प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन बाहेर पडणार, आणि तोही तुमच्या तळव्यांच्या मधोमध.

म्हणून स्टीम डेकच्या चिपला ४ ते १५ वॅटांत संसार करायला सांगितलं आहे. आपल्या छताचा साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो. म्हणजे पंख्याच्या पाचव्या हिश्शात चार आचारी आणि पाचशे बारा आदोळ्या.

वीज खाते कशी, तर चिपमध्ये ट्रान्झिस्टर असतात, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म नळ. फॅमिकॉमचा प्रोसेसर ज्या मूळ चिपवर बेतला होता, तिच्यात ते साडेतीन हजारांच्या आसपास होते. आजच्या चिपांत अब्जांनी. प्रत्येक नळ उघडताना-मिटताना थोडीशी वीज घेतो. गंमत पुढे आहे. नळ जास्त वेगाने उघडझाप करायला हवे असतील तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. म्हापशाहून पणजीला स्कूटरने ऐंशीच्या वेगाने गेलात तर पाच-सहा मिनिटं वाचतात आणि पेट्रोल भलतंच जातं, तसं. शेवटचा थोडा वेग सगळ्यात महाग असतो.

याचा एक रोजचा उपयोग सांगतो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. ३० म्हणजे ३३.३. या दोन वेळांचा बरोबर मध्य २५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ४० चित्रं. आकड्याने चाळीस हा साठपेक्षा तीसच्या जवळ दिसतो, पण डोळ्याला तो मधोमध लागतो. वर जड गेममध्ये बॅटरी बरीच जास्त टिकते. आतेभावाला हे सेटिंग लावून दिलं तर म्हणाला, “फरक कळत नाही.” फरक कळू नये यासाठीच तर ते होतं!

कमी विजेत भागवणारा जिंकतो, हे या धंद्यात फार पूर्वी ठरलं आहे. १९८९ साली निन्टेन्डोचा गेम बॉय आला. हिरवट स्क्रीन, चार छटा, मागून उजेड नाही. लोक हसले. पुढच्या वर्षी सेगा कंपनीचा गेम गिअर आला, रंगीत आणि उजेडाचा. तो सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलांवर दिवसचे दिवस चालायचा. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटींच्या वर खपले. गेम बॉयमागेही तेच योकोई. जुनं, स्वस्त झालेलं, पचलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याला नव्या कामाला जुंपायचं, हा त्यांचा बाणा. आपल्या जत्रेतल्या डब्याने हे तत्त्व जरा जास्तच मनावर घेतलं आहे.

तळहातावर काजूची भट्टी

पंधरा वॅट ऐकायला कमी वाटतात, पण नखाएवढ्या जागेत ते चटका देणारे असतात. ही उष्णता तिथून हलवायची कशी? आतली ती तांब्याची चपटी नळी पाहून भाचा म्हणाला, “तार आहे.” तार नाही, नळी आहे, आणि तिच्या आत चक्क थोडं पाणी आहे.

एप्रिलमध्ये काजूची भट्टी पाहिली असेल तर हे लगेच समजेल. खाली जाळ, वर भाणात रस. वाफ नळीतून पलीकडे जाते, तिथे गार होते आणि थेंब थेंब काजूची दारू, म्हणजे हुर्राक, उतरते. कन्सोलमधल्या नळीत हेच चाललेलं असतं. एक टोक चिपवर, तो जाळ. तिथे पाण्याची वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. दुसरं टोक पातळ पत्र्यांच्या जुडीत, तिच्यावर पंखा वारा मारतो. तिथे वाफेचं पाणी होतं. फरक एवढाच की ही भट्टी आपला माल आपणच पिते. नळीच्या आतल्या भिंतीला जाळीदार अस्तर असतं, दिव्याची वात तेल ओढते तसं ते पाणी पुन्हा जाळाकडे ओढून आणतं.

“पण पाणी उकळायला शंभर डिग्री लागतात ना?” हा प्रश्न माझ्या बहिणीचा, ती शाळेत विज्ञान शिकवते. लागतात, पण बाहेरच्या हवेच्या दाबाखाली. नळीतली हवा आधीच काढून टाकलेली असते. दाब नाही म्हटल्यावर पाणी पन्नास-साठ डिग्रीलाही वाफ होऊन पळतं.

म्हणून खेळताना वरच्या फटीतून गरम हवा आली, पंख्याचा आवाज आला, तर घाबरू नका, काम चालू आहे. घाबरायचं ते आवाज आणि हवा दोन्ही बंद असून डबा तापतो तेव्हा. पोटावर, उशीवर ठेवून खेळू नका, हवा आत घ्यायच्या फटी मागच्या बाजूला असतात. आणि मिरामारच्या वाळूत तर काढूच नका. पंखा नुसती हवा ओढत नाही. वाळू, मीठ, दमट वारा सगळंच ओढतो.

“माझ्या पॉवर बँकेत दहा हजार, याच्यात फक्त पाच?”

हा आक्षेप दुकानात नेहमी ऐकू येतो. डेकच्या बॅटरीवर पाच हजारांच्या थोडं वर एमएएच लिहिलेलं असतं. एवढी तर फोनची असते!

एमएएच म्हणजे टाकीत किती लिटर पाणी आहे ते. पण टाकी अंगणात आहे की स्लॅबवर, हे त्यात येत नाही. ती उंची म्हणजे व्होल्टेज. फोनची बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची. डेकमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडून त्याची दुप्पट उंची केलेली असते. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात आणि खरी तुलना तिथे होते. डेक ४० वॅट-तास. २०१७ चा निन्टेन्डो स्विच १६. जत्रेतला डबा, बॅटरी अस्सल असली तर, पावणेचारच्या आसपास. आणि तुमची दहा हजारांची पॉवर बँक? ३७. तिने डेक एकदाही पूर्ण भरणार नाही, कारण वाटेत गळतीही होते.

चिपला पंधरा, वर स्क्रीन, पंखा, आवाज, वायफाय धरून जड गेमला वीस-पंचवीस वॅट लागतात. चाळीसला पंचवीसने भागा. दोन तास का टिकत नाही, याचं उत्तर मिळालं. मोठी बॅटरी घालावी तर वजन वाढतं, हात दुखतात. २०२३ च्या नव्या, ओलेड स्क्रीनच्या डेकमध्ये ५० वॅट-तास बसले, ते चिप लहान केल्यामुळे आणि आतली जागा नव्याने लावल्यामुळे.

आपल्याकडे उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेल्या बॅटऱ्या फुगतात. स्क्रीन किंवा मागचं झाकण कडेने उचललेलं दिसलं तर चार्जिंग ताबडतोब बंद. दाबून बसवू नका, टोचू तर मुळीच नका. जुना कन्सोल विकत घेतानाही आधी या कडाच बघा.

मग फोन काय वाईट?

वाईट काहीच नाही. महागड्या फोनची चिप काही कामांत याहून वेगवान असते. पण फोनमध्ये सहसा पंखा नसतो. चार-पाच वॅटांच्या वर तो फार वेळ राहू शकत नाही, पहिली दहा मिनिटं धावतो आणि मग स्वतःच हळू होतो. शिवाय काचेवर अंगठा टेकवला की चित्र झाकलं जातं.

स्टिक आपोआप सरकते तेव्हा

स्टिक म्हणजे अंगठ्याने कुठल्याही दिशेला वळवायची छोटी दांडी. ती आपोआप सरकल्याचा मला स्वतःला झटका बसला आहे. काही वर्षांपूर्वी एक जुना कन्सोल घेतला होता. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एक पावसाळा गेला आणि गेममधला माणूस मी हात न लावता डावीकडे चालू लागला. विकणारा म्हणाला, तुमच्या हातालाच तशी सवय असेल.

आजोबांचा रेडिओ आठवा. आवाजाची कळ फिरवली की खर्रर्र व्हायची. त्या कळीच्या आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासणारं धातूचं बोट. बोट पट्ट्यावर कुठे आहे त्यावरून आवाज ठरतो. पट्टा झिजला, धूळ बसली, दमटपणा शिरला की मोजमाप चुकतं आणि खरखर होते. कन्सोलच्या बहुतेक स्टिकमध्ये आजही असेच दोन पट्टे आहेत, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. रेडिओत खरखर ऐकू यायची, इथे ती चालताना दिसते. साफ करायचा स्प्रे मारला की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

यावरचा उपाय चुंबकाचा. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर चालणाऱ्या स्टिकमध्ये घासणारं काही नसतंच. चुंबक हलतो, समोरचा संवेदक लांबूनच त्याची जागा ओळखतो. काही कन्सोल या स्टिक लावूनच येतात, काहींना मागाहून बसवता येतात. समुद्राकाठच्या माणसाने नवीन घेताना हे जरूर विचारावं. मी स्वतः स्क्रीनच्या आधी हेच विचारतो.

आणि महागाई कुठून आली?

त्या ओट्यापासून. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना रॅमच्या चिपा थरावर थर रचून लागतात आणि ते पैसेही जास्त मोजतात. कारखाने तेच, चिपा कापायच्या सिलिकॉनच्या चकत्या त्याच, मग माल तिकडे वळतो. ३ डिसेंबर २०२५ ला, जुन्या गोव्यात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताची गर्दी उसळली होती त्या दिवशी, मायक्रॉनने जाहीर केलं की ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकणं ते थांबवणार. फेस्तात कुणाला याचं सोयरसुतक नव्हतं. पण ज्या डब्याला १६ गिगाबाइटचा ओटा लागतो, त्याच्या किमतीवर याचा भार येणारच. जत्रेतल्या डब्याला यातलं काहीच लागत नाही. दोन किलोबाइट महाग होऊन होऊन किती होणार?

उघडलेले दोन्ही डबे आम्ही रात्री पुन्हा जोडले. डेक पहिल्या फटक्यात सुरू झाला. जत्रेतल्या डब्याचा एक स्क्रू उरला, तो कुठला हे अजून कळलेलं नाही, पण तोही चालतो. चालत होता, असं म्हणायला हवं. माझ्या आईच्या जुन्या नोकियाची बॅटरी गेले दोन महिने धरत नव्हती. तिने ती बीएल-५सी टेबलावर पाहिली, उचलली आणि फोनमध्ये बसवली. फोन मस्त चालतो. आता भाच्याला गेम खेळायचा असला की आधी आजीचा फोन संपायची वाट पाहावी लागते.